तांबड्या बेरीची बाजू

माझ्या भावाचा सॉना सन २०७१ मध्ये माझ्या मालकीचा होणार, हे मला गावच्या सभागृहात, हातात कॉफीचा कप असताना कळलं. कप मी सांडला नाही, मी तसली बाई नाही. पण मी उभी राहिले, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

आधी आमच्या बाबांचं सांगते, कारण मूळ दोष त्यांचा. देव त्यांना स्वर्गात सुखात ठेवो, पण माणूस शब्दांचा भारी चिक्कू. जन्मभर जंगलात करवत चालवली, आणि झाडांत राहून राहून झाडांएवढंच बोलायला लागले. मृत्युपत्र करायला वकील घरी आला तेव्हा त्यांनी त्याला एकच वाक्य सांगितलं, "तांबड्या बेरीचं रान टाउनोला, निळ्या बेरीचं रान हिल्काला." टाउनो म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि हिल्का मी. वकील म्हणाला, "नकाशा कुठाय?" बाबा म्हणाले, "नकाशा कशाला? खाली बघायचं."

आमच्याकडे हे असंच असतं. रानाची जात वर बघून सांगत नाहीत, पायाखाली काय उगवलंय ते बघून सांगतात. झाड काय, कोणीही कुठेही लावून ठेवतं. खालची बेरी मात्र आपली आपण येते आणि खोटं बोलत नाही. तांबडी असेल तर जमीन कोरडी, हलकी, तिथे पाइनच बरा. निळी असेल तर जमीन ओलसर, कसदार, तिथे स्प्रूस लावावा. हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. वकिलालासुद्धा कळलं, त्याने मान डोलावली आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं. टेकडीचा वाळूचा कणा तांबडा, तो टाउनोला मिळाला. तळ्याकडचा उतार निळा, तो मला. मध्ये ना कुंपण, ना दगड. चालता चालता पायाखालचा रंग बदलला की समजायचं, भावाकडून निघून बहिणीकडे आलो.

फक्त त्या वाळूच्या कण्याची एक जीभ पार तळ्यापर्यंत खाली आलीय, आणि तिच्या टोकावर सॉना आहे, वाफेत बसून घाम काढायचं आमचं न्हाणीघर. बाबांनी हाताने बांधलेला, जाड ओंडक्यांचा, धुराने काळाकुट्ट झालेला. म्हणजे हिशेबाने तो टाउनोचा. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. सॉना कोणाचा, हा काय प्रश्न झाला? शनिवारी दुपारी टाउनो लाकडं पेटवायचा, मी अंगावर झोडून घ्यायला बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी बांधायची आणि सॉसेज घेऊन जायची. मग आत बसायच्या वरच्या फळीवर तो डावीकडे, मी उजवीकडे. तो चार वर्षांचा होता तेव्हापासून. मध्ये माझं लग्न झालं, नवरा देवाघरी गेला, मुलगी नॉर्वेला जाऊन राहिली, टाउनोचं लग्न ठरता ठरता दोनदा फिसकटलं. फळीवरच्या जागा मात्र त्याच राहिल्या. आत आम्ही बोलायचोही नाही फारसं. तो म्हणायचा, "टाकू?" मी म्हणायची, "टाक." तो तापल्या दगडांवर पाणी टाकायचा. आठवडा संपला असं मला त्या चर्रर्र आवाजानंतरच वाटायचं.

आता त्या सभेचं.

ओस्करी नावाचा एक तरुण डॉक्टर आमच्या टेकडीवर तीन वर्षं येत होता. डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारा नव्हे, झाडांच्या वाढीवर प्रबंध लिहिलेला. गुडघ्यावर बसायचा, हातातली तारेची चौकोनी चौकट जमिनीवर ठेवायचा आणि चौकटीच्या आत कोणतं रोप किती आहे ते टिपून घ्यायचा. पोरगा गुणी, पण प्रत्येक वाक्याआधी "माफ करा" म्हणायचा. मच्छर मारला तरी त्याची माफी मागेल असा. हवामान बदललं की जंगलाचं काय होईल, हे सांगणारं एक मॉडेल त्याने संगणकात बसवलं होतं, आणि ते गावाला दाखवायला म्हणून सभा बोलावली होती. कॉफीबरोबर वेलदोडा घातलेले गोड पाव होते, त्यामुळे सगळं हाउकीलाम्पी गाव हजर होतं. म्हणजे आम्ही बावीस माणसं.

"माफ करा," ओस्करी म्हणाला, "जमिनीचा कस आम्ही असा सांगतो, की त्या जागेवर शंभर वर्षांचं झाड किती उंच होईल. आज या टेकडीवर ते अठरा मीटर होतं. मॉडेल म्हणतं, सन २०७१ मध्ये चोवीस होईल."

"जागा तीच, वाळू तीच," टाउनो मागच्या बाकावरून म्हणाला. "मग मोठं काय झालं?"

"उन्हाळा," ओस्करी म्हणाला. "उन्हाळा मोठा झाला. आणि जमिनीतलं अन्नही लवकर सुटायला लागलं."

मग त्याने पडद्यावर आमची टेकडी दाखवली. खाली निळी, वर तांबडी. त्याने बटण दाबलं. साल पुढे सरकलं आणि निळा रंग इंचभर वर चढला. परत दाबलं, परत चढला. निळा रंग हळूहळू वाळूच्या त्या जिभेच्या दोन्ही बाजूंनी आत शिरला, जीभ निमुळती निमुळती होत गेली आणि २०७१ साली पार गिळली गेली. तिच्या टोकावर एक बारकासा चौकोन होता, तो आता निळ्यात बसला होता. तो सॉना होता.

तेव्हा मी उभी राहिले. "म्हणजे २०७१ मध्ये तिथे निळी बेरी असणार?"

"माफ करा, पण हो. बऱ्याच खात्रीने सांगता येईल."

"मग सॉना माझा होणार!"

सगळे हसले. मीही हसतच म्हटलं होतं हो, देवाशप्पथ. पण टाउनो हसला नाही. तो मागून हळूच म्हणाला, "२०७१ मध्ये तू किती वर्षांची असशील?"

"एकशे चौदा."

"आणि मी एकशे बारा. मग?"

"मग काय? बाबांनी वयाची अट कुठे घातलीय?"

परत सगळे हसले. लेम्पी, माझी शेजारीण, इतकी हसली की तिच्या नाकातून कॉफी आली. टाउनोने टोपी घातली. जाता जाता ओस्करीला विचारलं, "त्याच्या पुढे काय होतं? २१०० नंतर?"

ओस्करीने बटण दाबलं. सगळी टेकडी राखाडी झाली. "दुष्काळ वाढत गेला तर... माफ करा... दगडफूल."

"दगडफुलाचं रान बाबांनी कोणाला दिलंय?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं.

"चला, निदान शेवटी तरी शांतता आहे म्हणायची," असं म्हणून टाउनो निघून गेला.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी आमची गत. पण खरी गंमत शनिवारी झाली. मी जुडी आणि सॉसेज घेऊन गेले तर सॉनाच्या दाराला कुलूप. सायकलचं, पिवळं, नवं कोरं. हाउकीलाम्पीत घरालासुद्धा कोणी कुलूप लावत नाही, सॉनाला तर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आतून पाणी टाकल्याचा आवाज आला. म्हणजे हा गडी आतून कडी लावून बसला होता आणि बाहेरचं कुलूप नुसतं मला दाखवायला टांगलेलं होतं.

"टाउनो! दार उघड."

"जागा अजून तांबडी आहे ना?" आतून आवाज आला.

"आहे, मग?"

"मग अजून माझी आहे. तू २०७१ ला ये."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! सॉसेज तिथेच दाराशी फेकून मी घरी आले. न्हाणीतल्या शॉवरखाली उभी राहिले. अंग स्वच्छ झालं, पण आठवडा काही संपला नाही. रविवार आला तरी मला तो शनिवारच वाटत होता. सोमवारीही तेच. असल्या चिकट, न संपलेल्या आठवड्यांत माणूस काय काय करू शकतं, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मी ठरवलं, २०७१ ची वाट बघायची नाही. ते सालच इकडे ओढून आणायचं.

टेकडी निळी व्हायला काय लागतं? ओल, ऊब आणि कस. ऊब माझ्या हातात नव्हती, ती सगळं जग मिळून पुरवतच होतं. बाकीचं मी अंगावर घेतलं. मासे धुतलेलं पाणी, चुलीतली राख, कुजलेलं गवत, शेजारणीच्या मेंढ्यांचं खत, सगळं बादल्या भरभरून सॉनाच्या वाटेवर, त्या वाळूच्या जिभेवर नेऊन ओतायला लागले. माझ्या उतारावरची निळ्या बेरीची झुडपं मातीच्या ढेकळासकट उचलून तिकडे लावली. मग लक्षात आलं की हे काम पक्षी जास्त चांगलं करतात. मग मी कस्तूर पक्ष्यांना निळ्या बेरी चारायला सुरुवात केली, टाउनोच्या पाइनांखाली ताटल्या मांडून. खा बाळांनो, म्हटलं, आणि इथेच बसून करा काय करायचं ते.

लेम्पी कुंपणावरून बघत असायची. एकदा म्हणाली, "अगं हिल्का, अख्खं जग ते थांबवायला धडपडतंय आणि तू बादलीने पुढे ढकलतेयस!"

"तुला काय जातंय? तुझा सॉना तुझ्या घरात आहे."

टाउनो काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. त्याने ताटल्यांजवळ बुजगावणं उभं केलं, बाबांचा जुना रेनकोट घालून. कस्तूर त्याच्या खांद्यावर बसून बेरी खायला लागले. बाबांना पक्षी आवडायचे, त्यामुळे मला ते दिसायला बरंच वाटलं. मग टाउनो ढकलगाडीतून वाळू आणायला लागला. मी राख टाकायची, तो वर वाळू टाकायचा. त्याच्यावर मी माशांचं पाणी, त्याच्यावर तो परत वाळू. केक करतात तसे थर चढत होते. आणि हद्द मागे ढकलायची म्हणून त्याने माझ्या उतारावर तांबड्या बेरीची रोपं लावायला घेतली. एका जुन्या सूपच्या चमच्याने, एकेक रोप अलगद उचलून. तसा तो हाताने फार हळुवार आहे, बोलण्याने नाही.

एका सकाळी आम्ही हद्दीवर समोरासमोर आलो. माझ्या हातात बादली, त्याच्या हातात चमचा.

"काय करतोयस रे?"

"हवामान सुधारतोय," तो म्हणाला. "तू?"

"मी बिघडवतेय."

"बरं."

"बरं."

आणि आपापल्या कामाला लागलो. खरं सांगते, त्या क्षणी मला हसू आलं होतं, आणि त्याच्याही मिशा हलल्या होत्या. पण पहिल्यांदा हसायचं कोणी? आमच्या घराण्यात ती पद्धत नाही.

ऑगस्टच्या शेवटी ओस्करी आला, वर्षाची मोजणी करायला. आम्ही दोघं आपापल्या खिडकीतून बघत होतो. त्याने वाळूच्या जिभेवर चौकट ठेवली, खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग उठून पंधरा पावलं चालत माझ्या उतारावर गेला, तिथे चौकट ठेवली. मग पळत परत आला. तो पोरगा पळू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं.

माझ्या दारात आला तेव्हा "माफ करा" म्हणायलाही विसरला होता. "हिल्काबाई! तुमच्या टेकडीवर चाळीस वर्षं उलटलीयत!"

"म्हणजे?"

"सॉनाच्या वाटेवर निळी आली! २०६० च्या पुढची स्थिती! आणि त्याहून विलक्षण म्हणजे खाली तुमच्या उतारावर तांबडी वाढतेय. तिथे हवामान मागे चाललंय! एकाच टेकडीवर एकीकडे पुढे आणि एकीकडे मागे. हे कुठेच, कुठेच नोंदलं गेलेलं नाही!"

मी म्हटलं, "अरे देवा." दुसरं काय म्हणणार? त्याचे डोळे असे चमकत होते की मला बादलीचं नाव काढवेना. टाउनो त्याच्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांनीही तोंड उघडलं नाही. त्या उन्हाळ्यात आमचं एकमत झालं ते तेवढंच.

पुढच्या आठवड्यात तीन मोटारी आल्या. स्वीडनचे प्राध्यापक, डेन्मार्कच्या बाई आणि एक जर्मन, ज्याने आल्या आल्या मातीचा वास घेतला आणि म्हणाला, "मासा?" ओस्करी म्हणाला, इथे हजारो वर्षांपूर्वी समुद्र असावा. जर्मनाने ते लिहून घेतलं. मी कॉफी दिली, टाउनोने पाहुण्यांना बसायला बाक आणून दिला. बुजगावण्याकडे बघून डेन्मार्कच्या बाईंनी विचारलं, हे कोण? टाउनो म्हणाला, "आमचे वडील." बाईंनी आदराने मान लववली.

मग डेन्मार्कच्या बाई जिभेवर गुडघे टेकून बसल्या, शेवाळ्यात हात घातला आणि सूपचा चमचा बाहेर काढला.

बाईंनी बोटाने वरची वाळू बाजूला सारली. खाली राख, राखेखाली वाळू, वाळूखाली मेंढीच्या लेंड्या. त्यांनी चमचा ओस्करीच्या हातात ठेवला, कपडे झटकले आणि मोटारीत जाऊन बसल्या. बाकीचे दोघंही गेले. जर्मनाने जाताना समुद्राची ओळ खोडली.

ओस्करी सॉनाच्या पायरीवर बसला, हातात चमचा. "माफ करा," तो म्हणाला, "हा कोणाचा?"

"माझा," टाउनो म्हणाला.

"आणि राख?"

"माझी," मी म्हटलं. "मासेही माझेच."

त्याला रडू फुटेल असं वाटलं. पण तो म्हणाला, "तीन वर्षं मी हवामान मोजतोय. मॉडेलमध्ये ऊन घातलं, पाऊस घातला, किडे घातले, वादळ घातलं. भाऊ-बहीण घालायचे राहिले." आणि मग चिडून, पहिल्यांदाच जरा पुरुषासारखा चिडून म्हणाला, "पण का? सॉना आहे एक! दोघांनी बसायचं त्यात!"

"ते हिला सांग," टाउनो म्हणाला.

"कुलूप कोणी लावलं?" मी म्हटलं.

"उभं राहून गावासमोर 'माझा होणार' कोण म्हणालं? मी मेल्यावरचं बोलत होतीस तू! लोक हसत होते!"

तेव्हा कुठे मला कळलं, त्याला काय लागलं होतं ते. २०७१. तो सगळ्यांसमोर बसून आपल्याच नसण्याचं चित्र बघत होता, आणि त्याची बहीण त्यावर हक्क सांगत होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण जीभ माझी, ती कुठली गप्प बसते? मी म्हटलं, "मग मी काय अमर आहे का? मीही नसेनच की!"

"पोरा," टाउनो ओस्करीला म्हणाला, "आत्ता मोज. पुढचं राहू दे. आज, या सॉनाखाली काय आहे ते मोज आणि एकदाचा निकाल दे. आम्ही या उन्हाळ्यात टाकलेलं सोड, त्याच्या आधीचं बघ."

त्याची खात्री होती. माझीही होती. ती जागा तांबडी, हे आम्हाला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

ओस्करीने नाक पुसलं आणि सॉनाच्या मागे गेला, जिथे आतलं पाणी फळ्यांमधून झिरपून बाहेर येतं. तिथे कोणी जात नाही, ओलं असतं, मच्छर फार. आमच्या दोघांपैकी कोणी तिथे कधी बादली ओतली नव्हती. त्याने चौकट ठेवली. खाली वाकून पानं हाताने बाजूला सारली.

"निळी," तो म्हणाला.

"काय?"

"निळ्या बेरीची दाट झुडपं आहेत. नेचे आहेत. सगळं जुनं, मुळं हातभर खोल. हे या उन्हाळ्यातलं नाही." त्याने मातीत लोखंडी नळी खुपसली आणि ओढून काढली. वर काळीभोर माती होती, आणि पार खाली पिवळी वाळू. "मुळात वाळूच होती. तांबडीचीच जागा. पण इथे कोणीतरी वर्षानुवर्षं काहीतरी ओतत आलंय. साबणाचं पाणी, राख, डहाळ्यांची पानं. पन्नास-साठ वर्षं तरी. कोणी ओतलं?"

आम्ही दोघं त्या नळीकडे बघत राहिलो.

"आम्ही," टाउनो म्हणाला.

सगळे शनिवार होते त्या नळीत. बाबांचे, आईचे, आम्हा दोघांचे. आमच्याच अंगावरून गेलेल्या पाण्याने ती जागा निळी केली होती, कोणाला पत्ता न लागता.

मग टाउनोने खिशातून पिवळ्या कुलपाची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "निळी आहे. तुझा," म्हणाला आणि चालायला लागला. सरळ माणूस आहे हो तो. हट्टी, पण सरळ. हरला की हरला.

झालं, सॉना मिळाला मला. सत्तेचाळीस वर्षं आधी. गावात लेम्पीने अभिनंदन केलं, ते मला शिवीसारखं लागलं.

शनिवारी मी स्वतः लाकडं फोडली, पेटवली, जुडी बांधली. टाउनोला हाक मारली. तो त्याच्या तांबड्यात, हद्दीपाशी, एका ओंडक्यावर बसला होता.

"ये की रे."

"दुसऱ्याच्या सॉनात मी जात नाही."

"दुसऱ्याच्या? मी दुसरी?"

"बाबांनी वाटून दिलंय. माझं जिथे आहे तिथे मी बसलोय."

मी आत गेले. वरच्या फळीवर उजवीकडे बसले. डावीकडे कोणी नव्हतं. दगड तापून लाल झाले होते. पाण्याचा डाव मी हातात घेतला, तसाच धरून बसले, आणि मग तोंडातून निघून गेलं, "टाकू?"

'टाक' म्हणायला कोणी नव्हतं. मी टाकलं नाही. अशी कोरडीच बसून बाहेर आले. टाउनो तिथेच होता. मला बघून म्हणाला, "आवाज नाही आला वाफेचा."

"नाही टाकलं."

"का?"

"माझी मर्जी," म्हटलं आणि घरी जाऊन रडले. पुढच्या शनिवारी परत तेच. तो ओंडक्यावर, मी आत, दगड कोरडे.

तिसऱ्या शनिवारी मी सकाळीच त्याच्या टेकडीवर गेले. त्याच्याच पद्धतीने, चमच्याने, तांबड्या बेरीचं एक रोप मातीसकट अलगद उचललं. पाच-सहा लाल फळं होती त्याला. घरातला लोणच्याचा जुना मातीचा कुंडा घेतला, त्यात वाळू घातली आणि रोप लावलं. मग सॉना पेटवला आणि तो कुंडा वरच्या फळीवर, डाव्या टोकाला, भिंतीला टेकून ठेवला.

मग बाहेर येऊन ओरडले, "टाउनो! इकडे ये. तुझं रान माझ्या सॉनात शिरलंय, ते बघून जा!"

तो आला. दारातून आत वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"खाली बघायचं, असं बाबा म्हणायचे ना?" मी म्हटलं. "बघ मग. ती बाजू तांबडी आहे. तुझी आहे. मी तिथे बसू शकत नाही, कायद्याने."

त्याने बूट काढले, कपडे खुंटीला अडकवले, वर चढला. कुंड्यात बोट घालून माती चाचपली. "मुळं वरच राहिलीत. आणि इतक्या गरमीत हे टिकायचं नाही. तासाभरात मरेल."

"तासभर तर बस."

तो बसला. डावीकडे, कुंडा मांडीशी घेऊन. मी उजवीकडे. दोघंही समोर बघत होतो. मग तो म्हणाला, "टाकू?"

"टाक," मी म्हटलं, आणि दगड चर्रर्र वाजले, आणि तो अख्खा उन्हाळा एकदाचा संपला.

रोप मेलंच. पुढच्या शनिवारी टाउनो स्वतः नवीन घेऊन आला, नीट मुळं दाबून लावलेलं. तेही मेलं. आता दर शनिवारी एक हातात, टॉवेल खांद्यावर, असा तो येतो. ओस्करीलाही एकदा आम्ही आत बोलावलं. मधल्या जागेत घाम पुसत बसला बिचारा आणि म्हणाला, माफ करा, पण या फळीची हद्द दर आठवड्याला कोसळून परत उभी राहते, हे कोणत्याच मॉडेलमध्ये बसत नाही. टाउनो म्हणाला, "तू बसलायस ना? मग झालं."

गेल्या शनिवारी फळीवर चढताना टाउनोला जरा दम लागला. बसल्यावर त्याने कुंडा मांडीशी घेतला. मग विचारलं, "२०७१ पर्यंत अशी किती रोपं लागतील गं?"

"तू आणत राहा," मी म्हटलं. "मोजायला ओस्करी आहे."